महूहून परदेशी गेलेल्या जवानावर खटला कुठे? आणि महूत आलेल्या परदेशी अधिकाऱ्यावर?

रामबाग_इंदूर

मंडळी, पुढच्या आठवड्यात विधी अभ्यासमंडळात हा विषय आहे. दोन काल्पनिक प्रसंग ठरले आहेत.

एक : महूच्या तुकडीतला जवान संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेला, तिथल्या एका स्त्रीने त्याच्यावर बलात्काराचा आरोप केला. दोन : महूत प्रशिक्षणाला आलेला मित्रदेशाचा लष्करी अधिकारी रविवारी स्वतःच्या कामासाठी गाडीने इंदूरला येत होता, राऊजवळ त्याच्या धडकेने दुचाकीस्वार गेला.

माझं मत साधं आहे : जिथे गुन्हा तिथे न्यायालय. साक्षीदार तिथे, पीडित तिथे, पुरावा तिथे. मग परदेशी गेलेल्या सैन्याबाबतचे देशादेशांतले करार उलटं का सांगतात? कलमांसकट सांगाल तर बरं.

पलासिया_वकील

पहिला प्रसंग घेतो. त्यात यजमान देशाला खटलाच चालवता येत नाही. राष्ट्रसंघ आणि यजमान देश यांच्यातला १९९० चा नमुना करार स्पष्ट आहे : लष्करी तुकडीतल्या जवानांवर फौजदारी अधिकार फक्त पाठवणाऱ्या देशाचा. इथेच पुष्कळांची गफलत होते. हाच नियम लष्करी निरीक्षकांना लागू नाही. ते राष्ट्रसंघाच्या विशेषाधिकारांबाबतच्या १९४६ च्या करारानुसार ‘मोहिमेवरील तज्ज्ञ’ मानले जातात, त्यांचं संरक्षण कामापुरतं असतं आणि महासचिव ते काढून घेऊ शकतात. म्हणून आधी पाहा की आरोपी तुकडीत होता की निरीक्षक होता.

आता आपल्याकडचा रस्ता. सेना अधिनियम १९५० चं कलम ६९ म्हणतं की भारतात किंवा भारताबाहेर केलेला नागरी गुन्हा (म्हणजे साध्या फौजदारी कायद्याखालचा) लष्करी न्यायालयात चालू शकतो. कलम ७० मात्र खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार हे तीन गुन्हे बाहेर काढतं, पीडित व्यक्ती लष्करी कायद्याखाली नसेल तर. हाच प्रकार इंदुरात घडला असता तर कोर्ट मार्शल झालंच नसतं, सत्र न्यायालय. पण त्याच कलमात अपवाद आहे : जवान सक्रिय सेवेवर असेल, भारताबाहेर असेल किंवा अधिसूचित सीमाचौकीवर असेल तर लष्करी न्यायालयाला अधिकार मिळतो. तुमचा जवान बाहेर आहे, म्हणजे कोर्ट मार्शल शक्य.

खरी अडचण कलमांत नाही, कागदांत आहे. तिथे सगळ्यात आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्कराची प्राथमिक चौकशी) बसते. तिची कार्यवाही सेना नियम १९५४ च्या नियम १८२ प्रमाणे खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे त्या बाईने दिलेला पहिला, ताजा जबाब खटल्याच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी. तिला पुन्हा समरी ऑफ एव्हिडन्समध्ये (खटल्याआधी साक्षी नोंदवण्याच्या टप्प्यात) बोलावं लागतं, मग कोर्ट मार्शलसमोर तिसऱ्यांदा. तोवर तुकडी परतलेली असते, दुभाषा बदललेला असतो. त्यात सेना अधिनियमाच्या कलम १२२ ची, खटला सुरू करण्याची ३ वर्षांची मुदत चालू असते. ‘आपण आपल्या जवानावर खटला चालवू’ एवढं म्हणणं मला म्हणूनच पुरेसं वाटत नाही. चालवायचाच असेल तर न्यायालय तिथे नेऊन बसवा. कायदा आड येत नाही, कोर्ट मार्शल परदेशातही भरू शकतं.

राष्ट्रसंघाने २०१५ पासून एक दबाव आणला आहे : लैंगिक शोषणाच्या तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत राष्ट्रीय तपास अधिकारी नेमा आणि ६ महिन्यांत तपास संपवा. २०१६ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव २२७२ नंतर अख्खी तुकडी परत पाठवण्याचीही सोय झाली. चर्चेत हा मुद्दा जरूर घ्या.

नवलखा

दुसऱ्या प्रसंगाचं उत्तर उलट येतं. गणवेशामुळे आपोआप संरक्षण मिळत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १(३) भारतात गुन्हा करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. आधी तपासायचं एवढंच की त्या देशाशी झालेल्या प्रशिक्षण करारात वेगळं कलम आहे का. नसेल तर राऊ ठाण्यात गुन्हा, कलम २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १०६(१) (निष्काळजीपणाने मृत्यू), खटला इंदूरच्या न्यायालयात.

पण सापळा पाहा. १०६(१) ला शिक्षा ५ वर्षांपर्यंत आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणजे ठाण्यातूनच जामीन, आणि अभ्यासक्रम संपला की विमान. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात) अनुपस्थितीत खटल्याचं कलम ३५६ आहे म्हणून कुणी आनंदू नये. त्यासाठी आरोपी आधी ‘उद्घोषित गुन्हेगार’ (न्यायालयाने जाहीर केलेला फरारी) ठरावा लागतो, आणि कलम ८४(४) प्रमाणे ते फक्त १० वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत होतं. इथे बसत नाही. हाती उरतं ते कलम ३३५ : आरोपी फरार असल्याचं सिद्ध करून साक्षी नोंदवून ठेवा, म्हणजे साक्षीदार पुढे वारला तरी जबाब टिकेल. मृताच्या घरच्यांनी मोटार अपघात दावा वेगळा आणि लगेच लावावा. तो फौजदारी खटल्यावर अवलंबून नाही आणि विमा कंपनी कुठे पळत नाही.

तुम्ही ‘रविवारी, स्वतःच्या कामासाठी’ लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. तुलनेसाठी पाहा : नाटो देशांनी एकमेकांकडच्या सैन्याबाबत केलेल्या १९५१ च्या करारात अनुच्छेद ७ ची सगळी गाठ तिथेच आहे. कृत्य कर्तव्य बजावताना झालं असेल, किंवा पीडितही त्याच सैन्यातला असेल, तर पहिला हक्क पाठवणाऱ्या देशाचा. बाकी दोन्ही देशांच्या कायद्याने गुन्हा ठरणाऱ्या प्रकरणांत यजमानाचा. ‘कर्तव्यावर होता’ हा दाखला बहुधा आरोपीचा वरिष्ठच देतो, म्हणून भांडण तिथे होतं.

१९५७ मध्ये जपानात अमेरिकी सैनिकाने ग्रेनेड लाँचरमधून रिकामं काडतूस मारलं आणि पितळ वेचणारी बाई मेली. अमेरिकेने आधी कर्तव्याचा दावा केला, मग सोडला. जपानी न्यायालयाने ३ वर्षांची शिक्षा देऊन ती स्थगित ठेवली. उलट १९९८ मध्ये इटलीत कावालेझेजवळ अमेरिकी लष्करी विमानाने फार खाली उडून केबल कारची तार तोडली, २० माणसं गेली. उड्डाण कर्तव्याचं होतं, म्हणून इटलीला अधिकार नाही. अमेरिकेत वैमानिक मनुष्यवधातून सुटला, शिक्षा झाली ती उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याबद्दल.

पळशीकर_कॉलनी

रामबागकर, ‘जिथे गुन्हा तिथे न्यायालय’ हे मलाही पटतं, पण ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन जहाजाचं प्रकरण विसरू नका. १५ फेब्रुवारी २०१२, केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैल, इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी दोन मच्छीमार गेले. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकार केरळचा नाही, केंद्राचा. १२ मैलांपलीकडे राज्याची हद्द नाही. पुढे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने नौसैनिकांना सरकारी कामाचं संरक्षण दिलं, नुकसानभरपाई मात्र भारताला देय ठरवली. २०२१ मध्ये १० कोटी रुपये जमा झाल्यावर इथला खटला संपला : दोन्ही कुटुंबांना ४-४ कोटी, नौकामालकाला २ कोटी. साक्षीपुरावा कधी झालाच नाही. अधिकार कुणाचा यावर ९ वर्षं गेली, आणि त्या दोघांवर गोळी का चालली याचं उत्तर कुठल्याच न्यायालयात लिहिलं गेलं नाही. मला हे फार लागतं.

रामबाग_इंदूर

खूप आभार. एक शंका : पहिल्या प्रसंगातला जवान मधल्या काळात निवृत्त झाला तर?

पलासिया_वकील

सुटत नाही. सेना अधिनियमाचं कलम १२३ निवृत्तीनंतरही लष्करी खटल्याची वाट ठेवतं, मुदतीच्या आत. ती टळली तर न्याय संहिता कलम १(५) : भारतीय नागरिकाने परदेशात केलेला गुन्हा इथे चालतो. त्याला सुरक्षा संहिता कलम २०८ प्रमाणे केंद्राची पूर्वमंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १८८ बाबत सांगितलं होतं की न्यायालय दखल घेईपर्यंत मंजुरी लागत नाही, त्यापुढे लागते. म्हणून तपास अडवून ठेवू नये. परदेशातला पुरावा सुरक्षा संहितेच्या कलम ११२ च्या विनंतीपत्राने मागवायचा, आणि तो अर्ज तपासाच्या पहिल्याच महिन्यात टाकायचा.