बीजाणू न टाकणारी धिंगरी मार्कर लावून काढता येते काय?

हिंगण्याचा_धिंगरीवाला
राम राम मंडळी. दोन खोल्यांत धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घेतो, सोयाबीनच्या कुटारावर. माल जोरात आला की बीजाणूही तसेच. कूलर सुरू केला की पांढरी धूळ उडते, तोडणाऱ्या बाया खोकून बेजार. बीजाणू न टाकणारी जात डीएनए मार्करने, म्हणजे जनुकाची खूण बघून, काढतात म्हणे. आपल्याला जमेल काय? त्यात नागपूरचा उन्हाळाही सोसला तर सोन्याहून पिवळं.

तंतूवाली_ताई
भाऊ, बीजाणूंचं कारण सापडलेलं आहे. एमएसएच४ हे जनुक बिघडलं की छत्री नीट येते, बीजाणू मात्र धरत नाहीत. नेदरलँड्समध्ये यावर काम होऊन असा वाण बाजारातही आला. पण लक्षण अप्रकट. धिंगरीच्या तंतूच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं असतात, दोन्हींत बिघाड हवा.

इथंच पेच आहे. जिला बीजाणूच नाहीत, तिचा पुढं संकर कशाचा करणार? म्हणून एकाच केंद्रकात बिघाड असलेली छत्री धरायची. तिचे निम्मे बीजाणू कामाचे, म्हणजे बिघाडवाले, निम्मे बिनकामाचे, अन् प्लेटवर सगळेच सारखे पांढरे! मार्कर नसेल तर एकेकाची जोडी लावा, पिशवी भरा, छत्रीची वाट बघा. मार्कर असला की चिमूटभर तंतू घ्या, पीसीआर (ती खूण शोधणारी डीएनए चाचणी) करा, निवड झाली. मग जोडी लावायची. तीही कोणाचीही कोणाशी जमत नाही. जोडी जमणं ठरवणारी ए आणि बी ही दोन्ही जनुकस्थानं दोघांत वेगळी लागतात. जमली की तंतूच्या आडपडद्यापाशी बारीक कडी दिसते, साध्या सूक्ष्मदर्शकातही.

उन्हाचं मात्र विसरा. उष्णता सोसणं, उत्पन्न, ही बऱ्याच जनुकांची कामं. एका मार्करनं भागत नाही. मार्करच्या नावानं उन्हाळी बियाणं विकणाऱ्यावर माझा तरी भरवसा नाही. उन्हाळ्यात दुधी अळिंबी लावा, ३०–३५ अंशांत मजेत येते.

कॉटनमार्केट_पक्या
गिऱ्हाइकाला बीजाणूंचं काय घेणं! कड फाटलेला माल कोणी उचलत नाही. कड वर वळायच्या आत तोडा, धूळही कमी.

हिंगण्याचा_धिंगरीवाला
पक्या, बरोबर आहे, पण पहाटे एका खोलीत तोडून होईस्तोवर दुसरीतली कड वळलेली असते. ताई, पीसीआर घरी होणार नाही ना?

तंतूवाली_ताई
नाही. हिमाचलातल्या सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयाला असा वाण आहे का विचारा. तोवर बायांना एन९५ मास्क द्या, अन् तोडणीच्या आधी कूलर बंद ठेवा.