‘खंडणी’ला पर्यायी शब्द हवा आहे

प्रवराकाठ : आमच्या चर्चच्या मंडळीच्या गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी मी एका मननाचे मराठी भाषांतर करीत आहे. त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातील २०व्या अध्यायाचे २८वे वचन येते; पुष्कळांसाठी आपला जीव द्यायला आपण आलो आहोत, असे येशू त्यात सांगतो. रूढ बायबलप्रमाणे मी ‘आपला जीव खंडणी म्हणून अर्पण करण्यास’ असे लिहिले, तर कच्चे पत्रक वाचताच तरुण संघातील मुलांनी हरकत घेतली. पोलिसांचे खंडणीविरोधी पथक असते, व्यापाऱ्यांकडून खंडणी उकळली जाते, मग येशूला कोणी धमकावले होते काय, असा त्यांचा प्रश्न आहे. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात की वचनातला शब्द बदलू नये. ‘मुक्तिमूल्य’ मला पुस्तकी वाटते आणि ‘मोबदला’ थिटा पडतो. जाणकारांनी शब्द सुचवावा.

बखरवाचक : शब्द मुळीच बदलू नये. ‘खंडणे’ म्हणजे रक्कम ठरवून व्यवहार मिटवणे. जमीन खंडाने कसायला देणे हा प्रयोग गावाकडे आजही ऐकू येतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी ठरली की मुलूख लुटीतून वाचतो आणि ती चुकती झाली की ओलीस ठेवलेली माणसे सुटतात. जीव वाचवण्यासाठी चुकवलेली ठरीव किंमत हाच त्या वचनाचा अर्थ नाही काय? वर्तमानपत्रांनी शब्दाला गुन्हेगारीच्या रकान्यात नेऊन बसवले, म्हणून आपण तो टाकून द्यायचा हे मला पटत नाही.

वसईकर : बखरवाचक, आपण दिलेल्या उदाहरणांतच अडचण आहे. खंडणी नेहमी दुबळा बलवंताला देतो. शुभवर्तमानात ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे तोच देतो, आणि ज्यांच्यापाशी द्यायला काहीही नाही त्यांच्यासाठी देतो. मूळ ग्रीक शब्द ‘लुट्रोन’ आहे. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेले मोल असा त्याचा अर्थ असून तो ‘सैल करणे, सोडणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्यात भर सुटकेवर आहे, वसुलीवर नाही. क्रुसावरचे प्रेम कोणी उकळून घेतलेले नाही, ते आपणहून दिलेले आहे, आणि एवढी एक गोष्ट जरी शब्दामुळे झाकोळत असेल तरी तो शब्द बदललाच पाहिजे.

ग्रंथसखा : हे मोल कोणाला दिले, हा प्रश्न फार जुना आहे. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेनने ते सैतानाला दिले असे मानले. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीला ही कल्पनाच असह्य झाली, कारण लुटारूला देवाचा पुत्र मिळावा हे त्याला लाजिरवाणे वाटले. पुढे १०९८च्या सुमारास अन्सेल्मने सैतानाचा हक्कच नाकारला आणि मनुष्याच्या पापाने देवाच्या सन्मानाचे जे देणे थकले होते ते देवमनुष्य येशूने फेडले अशी मांडणी केली. पाठोपाठ आलेल्या अबेलार्डने त्या मरणातून प्रकटलेल्या प्रीतीवर भर दिला. म्हणजे ‘खंडणी’ म्हटले की घेणारा शोधावा लागतो, आणि वचनात तर घेणाऱ्याचे नावच नाही.

केडगावची नात : माझी आजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. रमाबाईंनी १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते अल्पशिक्षित बायकांना कळावे एवढ्यासाठी, आणि त्याचे छपाईचे खिळे तिथल्या स्त्रियांनीच जुळवले. आजी साक्ष देताना खंडणीही म्हणत नसे आणि मुक्तिमूल्यही म्हणत नसे. सावकाराकडे गहाण पडलेली पाटली सोडवून आणावी तसे प्रभूने मला सोडवून आणले, असे ती सांगे आणि बोलताना मनगटावरून हात फिरवी. ‘सोडवणुकीचे मोल’ लिहावे, असे मी सुचवते.

बखरवाचक : गहाणाचा विषय निघालाच आहे तर हेही पाहावे की सोनेतारण कर्जातले ‘तारण’ आणि पापातून सुटका झाली या अर्थाने आपण ‘माझे तारण झाले’ म्हणतो त्यातले ‘तारण’ अक्षरशः एकच आहे. तरणे, तारणे, तारू ही सारी एकाच धातूची लेकरे आहेत. सावकाराची बुडती रक्कम जे तारते ते तारण, अशी माझी उपपत्ती आहे.

वसईकर : उपपत्ती आकर्षक आहे, पण मला ‘झाले’ हे क्रियापद अधिक खुपते. ‘तुमचे तारण झाले आहे का?’ असे मला रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसांनी विचारले आहे, जणू ती एका तारखेला नोंदवून संपणारी बाब आहे. प्रेषित पौल आपल्या पत्रात फिलिप्पैकरांना ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ असे लिहितो.

केडगावची नात : तोच पौल इफिसकरांना लिहितो की कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, तुमचे तारण झालेले आहे आणि ते देवाचे दान आहे. आजीला तो दिवस आठवत होता आणि त्यात गर्व नव्हता. जे स्वतःच्या कमाईचे नाही त्याबद्दलच माणूस इतक्या निःशंकपणे बोलू शकतो.

प्रवराकाठ : पत्रक उद्या सकाळी छापायला द्यायचे आहे. ‘सोडवणुकीचे मोल’ मला आवडले, परंतु पाळकांना काय सांगू?

ग्रंथसखा : इफिसकरांतले ते ग्रीक रूप पूर्णकाळाचे आहे. घटना घडून गेली आणि तिचा परिणाम आजही टिकून आहे, असे ते सांगते. त्यामुळे ‘झाले’ आणि ‘झालेले आहे’ यांत फरक करावा लागेल.

वसईकर : तो फरक मान्य आहे, पण मग पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ‘ज्यांचे तारण होत आहे’ असे चालू काळात म्हटले आहे, त्याचे काय करायचे?