मदत हवी आहे: डेंग्यूचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून पोहोचत नाहीत

पाणवठा:
प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फोनवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली आहे. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' (म्हणजे त्या दिवशी पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करा) हे पोस्टर आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ टाकतो. बहुतेकांपुढे एकच टिक दिसते. मजकूर काही फोनवर वाचता येत नाही. रांजणांत अळ्या आहेत तशाच. काय बदलावं?

तिरकस:
ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो, आणि एका यादीत 256 च जण बसतात. आशाताईंचा नंबर बहुतेक घरांत असतो, तेव्हा त्यांच्या फोनवरून जाऊ द्या. मात्र फॉरवर्डची साखळी नको. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का बसला की एका वेळी एकाच चॅटला जातो. फाइल गॅलरीतून नव्याने पाठवायची.

मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर फोनवर नुसता कचरा दिसतो, युनिकोड (सगळ्या फोनवर दिसणारं मराठी टायपिंग) वापरा. छापील पोस्टर जसंच्या तसं टाकू नका, अक्षरं बारीक होतात. 1080 पिक्सेलचा चौकोन, त्यात जास्तीत जास्त तीन ओळी, आणि तारीख हवीच, नाहीतर पुढच्या वर्षीही तेच फिरत राहतं. व्हिडिओ 60 सेकंदांचा, 480पी. चित्राला 500 आणि आवाजाला 64 केबीपीएस ठेवलं तर सव्वाचार एमबीच्या आसपास होतो. बोललेलं पडद्यावर लिहा, बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

पाणवठा:
हे करतो. पण टंचाईत 'पाणी ओतून द्या' म्हटलं की लोक चिडतात.

रानवाट:
चिडणारच! ओतायला सांगूच नका. पाणी कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं, गाळातल्या अळ्या कोरड्या मातीत टाकायच्या, रांजण आतून घासायचा, पाणी परत भरून तोंड कापडाने घट्ट बांधायचं. व्हिडिओत एवढंच दाखवा. घासणं वगळलं तर सगळी मेहनत वाया, कारण एडिसची (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची) अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. संदेश कोरड्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी जावा. महिन्यातून एकदा दहा सूचना टाकून काही होत नाही.

दुसरा संदेश वेगळा ठेवा: ताप उतरला की धोका टळला असं नाही. त्याच सुमारास पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. आणि रुग्णाचं नाव ग्रुपवर कधीच नाही.

पाणवठा:
परिणाम कसा मोजू? निळ्या टिका?

रानवाट:
टिका कशाला मोजताय? हाऊस इंडेक्स काढा: अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं, गुणिले 100. आधी एका वाडीत संदेश सुरू करा, शेजारच्या वाडीत दोन आठवड्यांनी, आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडा. पाऊस दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे फरक पावसाचा की संदेशाचा हा घोळ कमी होतो.