चाकणच्या गोडाऊनला फ्री ट्रेड झोनचा दर्जा मिळतो का?

चाकण_पार्ट्स:
नमस्कार मंडळी. आमचं इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं डिस्ट्रिब्यूशन आहे, गोडाऊन चाकणला. माल तैवान आणि चीनमधून न्हावाशेवाला उतरतो आणि एक्सप्रेसवेने वर येतो, आयसी, कपॅसिटर, थोडे मोबाईल चार्जर असं मिक्स. ज्या अमेरिकन कंपनीचा माल आम्ही विकतो त्यांनी टेक्सासच्या वेअरहाऊसला फॉरेन ट्रेड झोनचा दर्जा घेतलाय आणि आता मागे लागलेत की तुम्ही पण घ्या, म्हणजे माल विकला जाईल तेव्हाच ड्युटी भरायची आणि जो आपण श्रीलंका-बांगलादेशला पाठवतो त्यावर भरायचीच नाही. पटतं हो, कारण सहा-सहा महिने माल रॅकवर पडून असतो आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आधीच गेलेला असतो. पण सीए म्हणतो एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र), सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणतो बाँडेड करा, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवायचं गोडाऊन. अर्ज नक्की कुठे करायचा?

बिल_ऑफ_एन्ट्री:
दादा, आधी एक गोष्ट क्लिअर करा, अमेरिकेतलं आणि आपलं हे वेगळं आहे. तिकडे १९३४ चा कायदा आहे, त्यात कंपनीच्या स्वतःच्या वेअरहाऊसला दर्जा मिळू शकतो, त्या भागाची जी संस्था ग्रँटी (झोन चालवायची परवानगी असलेली) असते तिच्यामार्फत झोन बोर्डाकडे जायचं आणि मग कस्टम्स सिक्युरिटी, स्टॉकची सिस्टीम वगैरे बघून जागा ॲक्टिव्हेट करतं. आपल्याकडे एफटीडब्ल्यूझेड (फ्री ट्रेड अँड वेअरहाऊसिंग झोन) हा एसईझेडचाच प्रकार, २००५ चा कायदा आणि २००६ चे रूल्स. डेव्हलपरला सलग ५० हेक्टर जमीन लागते, त्यामुळे तुमचं चाकणचं गोडाऊन एफटीडब्ल्यूझेड होणार नाही, तो विषय सोडूनच द्या. जो झोन चालू आहे त्यात जागा घ्यायची, तुम्हाला पनवेलजवळचा सोयीचा. स्वतःचं युनिट काढायचं तर फॉर्म एफ भरून डेव्हलपमेंट कमिशनरकडे, आपल्यासाठी अंधेरीचं सीप्झ, मग अप्रूव्हल कमिटी, एलओए (मंजुरीचं पत्र), बाँड, आणि पाच वर्षांचा एनएफई (निव्वळ परकीय चलनाची कमाई) पॉझिटिव्ह दाखवायचा. तुमच्यासारख्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत. तिथे आधीपासून युनिट असलेले ऑपरेटर तुमच्या वतीने माल ठेवतात, तेवढं पुरतं.

रांजणगावची_मीरा:
मी इम्पोर्टचं काम बघते म्हणून कळकळीने सांगते, अर्जाच्या आधी एचएसएन कोडप्रमाणे (मालाच्या वर्गवारीचा नंबर) स्टॉकची यादी काढा. आयसी आणि कपॅसिटरवर बेसिक ड्युटी शून्य आहे, मग तुम्ही नक्की वाचवणार काय? फक्त आयजीएसटी पुढे ढकलला जातो, आणि त्याचं क्रेडिट तर तुम्हाला मिळतंच. चार्जरवर मात्र १५ टक्के बेसिक आहे, ती परत मिळत नाही, तिथे हिशोब वेगळा. आणि झोनमध्ये ठेवला म्हणून बीआयएस (भारतीय मानक ब्युरोचं रजिस्ट्रेशन) सुटत नाही, देशात विकायला माल बाहेर काढाल तेव्हा रजिस्ट्रेशन लागणारच. एमआरपीचं लेबल मात्र तिथेच लावून घेता येतं.

चाकण_पार्ट्स:
मीराताई, हे कोणी सांगितलंच नव्हतं, आमचा मोठा माल आयसीचाच आहे. मग बाँडेड बरं का? ते चाकणला होईल ना?

बिल_ऑफ_एन्ट्री:
होईल, कस्टम्स ॲक्टच्या कलम ५८ चं प्रायव्हेट बाँडेड तुमच्याच जागेत मिळू शकतं, लायसन्स पुणे कस्टम्सकडून. बाँडमधून थेट एक्स्पोर्ट केलं तर कलम ६९ खाली ड्युटी नाहीच, म्हणजे श्रीलंकेचा माल तिथूनही सुटतो. पण ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बाँड द्यावा लागतो, मुदत एक वर्ष, आणि ९० दिवसांनंतर व्याज लागतं. तुमचा माल सहा महिने पडतो म्हणताय, तर हे व्याज खरंच जड जाईल, एफटीडब्ल्यूझेडमध्ये ते नाही. आणि आत्ता जो ड्युटी भरलेला माल परत बाहेर पाठवता त्याचं कलम ७४ खाली ड्रॉबॅक घेता का? न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत गेला तर ९८ टक्के ड्युटी परत मिळते, हे आजच सीएचएला विचारा.

रांजणगावची_मीरा:
अजून एक, आणि मला हाच खरा मार्ग वाटतो. एफटीडब्ल्यूझेडमध्ये परदेशी सप्लायर स्वतःच्या मालकीचा स्टॉक ठेवू शकतो. त्या अमेरिकन कंपनीलाच सांगा, पनवेलला तुमच्या नावावर माल ठेवा, आम्हाला लागेल तसा बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्स फॉर्म) भरून उचलू. पैसा त्यांचा अडकेल, तुमचा नाही! आणि झोनमध्ये असताना माल हातोहात विकला तर जीएसटीचा जो घोळ होता तो २०२५ च्या बजेटने मिटवला, क्लिअरन्सच्या आधीची विक्री सप्लायमध्ये धरत नाहीत, तेही १ जुलै २०१७ पासून. फक्त आधी कोणी टॅक्स भरला असेल तर त्याचा रिफंड नाही. भोसरीच्या गिऱ्हाइकांना त्याच दिवशी लागणारा माल मात्र ड्युटी भरून चाकणलाच ठेवा, घाटात ट्रक अडकला की लाईन बंद पडते आणि ते थांबत नाहीत.

चाकण_पार्ट्स:
खूप उपकार झाले दोघांचे. यादी काढायला पोरांना आत्ताच सांगितलं, आणि ड्रॉबॅकचं तर सीएचएला फोनच लावतोय. चाकणला आधीच पडलेला ड्युटी भरलेला माल पनवेलला नेऊन काही फायदा?

बिल_ऑफ_एन्ट्री:
नाही, नुसता पनवेलला नेला म्हणून भरलेली ड्युटी परत येत नाही, देशाबाहेर पाठवाल त्यावर वर सांगितलेला ड्रॉबॅक तेवढा बघा. नवीन कन्साइन्मेंटपासूनच सुरू करा, आणि ऑपरेटरशी बोलताना हँडलिंग आणि डॉक्युमेंटेशनचे चार्जेस वेगळे लिहून मागा, नुसत्या पॅलेटच्या भाड्यावर जाऊ नका.