सोटो विकला, आता वुडही विकायचा?

रॉकव्हिलकर

परवा, २०२५चा मोसम संपल्यावर, या फोरमवर 'हिशेबनीस' यांनी आपल्या बेसबॉल टीमबद्दल, वॉशिंग्टन नॅशनल्सबद्दल, लिहिलं: "भावना बाजूला ठेवा. सोटोला विकलं म्हणून वुड, एब्रम्स, गोर मिळाले. आता हे तिघं वर आहेत तोवर त्यांनाही विका आणि २०२९ची टीम बांधा. खेळाडू शेअरसारखा असतो, चढा असताना काढायचा." त्याखाली '+१'ची रांग. दोन रात्री गप्प बसलो. आता लिहितो, लांबेल.

हिशेबनीस, २०२२च्या ऑगस्टमध्ये आपला स्टार सोटो सॅन डिएगोच्या पाद्रेज टीमला गेला तेव्हाही आपण हेच ऐकलं होतं. दोन-तीन वर्षं कळ काढा. काढली. त्या वर्षी १०७ सामने हरलो, मग ९१, पुन्हा ९१, आणि २०२५मध्ये ९६. सौदा वाईट होता असं मी म्हणतच नाही. सहा जण आले, त्यातले तिघं ऑल-स्टार झाले (लीगच्या निवडक संघात गेले), याहून जास्त कुठल्या सौद्यात मिळतं? तरी ९६! कारण त्या तिघांच्या भोवती कुणाला आणलंच नाही. बी पेरलं, उगवलं, आणि पाणी द्यायची वेळ आली तेव्हा मालक म्हणतोय, रोप विकू आणि नवं बी आणू. असं किती हंगाम करायचं?

आणि वुड! पोरगा वॉशिंग्टनजवळच्या आमच्या रॉकव्हिलमध्ये जन्मलेला. सहा फूट सात इंच. जूनमध्ये एंजल्सच्या पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) एकाच सामन्यात त्याला चार वेळा मुद्दाम वॉक दिला, म्हणजे मारायला चेंडूच न देता फुकट पहिल्या बेसवर पाठवला. याआधी असं दिग्गज फटकेबाज बॅरी बॉन्ड्सच्या वाट्याला आलं होतं, २००४मध्ये. समोरच्याला त्याची धास्ती, आपल्याला किंमत नाही. अजून तो आर्बिट्रेशनलाही (पगार लवादाकडून ठरवून घेण्याच्या टप्प्यालाही) पोचलेला नाही, किमान पगाराच्या आसपास खेळतोय. करार करायचा तर हीच वेळ. अटलांटाच्या ब्रेव्ह्जनी अकुन्याला २०१९मध्ये आठ वर्षांसाठी १० कोटी डॉलरमध्ये बांधलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. कॅन्सस सिटीसारख्या छोट्या गावाने बॉबी विटला जवळपास २९ कोटी दिले. आणि देशाच्या राजधानीत म्हणे परवडत नाही.

आता भावनेचं. २०१९च्या वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्याच्या रात्री मुलगा सहा वर्षांचा होता. उद्या शाळा आहे म्हणून बायको ओरडत होती, मी त्याला खांद्यावर घेऊन केंड्रिकचा होमरन (षटकारासारखा फटका) बघितला. पुढच्या वाढदिवसाला २२ नंबरची सोटोची जर्सी. सोटो गेला त्या दिवशी त्याने विचारलं, "बाबा, तो आपल्यावर रागावला का?" त्यानंतर त्याने नाव असलेली एकही जर्सी मागितली नाही. बारा वर्षांचा आहे आता. टोपी घालतो फक्त. हे तुमच्या शेअरच्या हिशेबात कुठल्या रकान्यात बसतं ते सांगा.

हिशेबनीस

जर्सीबद्दल वाईट वाटलं. पण जर्सी हा पुरावा नव्हे.

पुरावा मी देतो. डिसेंबर २०१९. आपण विजेते, सगळे भावनेच्या भरात. आपल्या पिचरला, स्ट्रासबर्गला, सात वर्षांचे २४.५ कोटी. त्यानंतर तो किती खेळला? आठ सामने. जेमतेम एकतीस इनिंग. बिचाऱ्याचा खांदा गेला, दोष त्याचा नाही, पण पैसे गेले ते गेलेच. त्याच आठवड्यात आपल्याकडून गेलेल्या रेंडनला एंजल्सनी तेवढेच २४.५ कोटी दिले. तिकडे तो एका मोसमात ५८च्या वर सामने कधी खेळला नाही. रेंडनला जाऊ दिलं तेव्हा इथेच किती शिव्या पडल्या होत्या, आठवतंय? हार्पर ३३ कोटींसाठी फिलीला (फिलाडेल्फियाला) गेला, आणि त्याच वर्षी आपण जिंकलो!

अजून एक. कीबर्ट रुईझ. शेर्झर आणि टर्नर हे आपले दोन स्टार देऊन आणलेला. तुमच्या सूत्राप्रमाणे लहानपणीच बांधला, आठ वर्षं, ५ कोटी. पुढे अपेक्षा फोल ठरल्या, तुम्हाला माहीत आहे.

वुड २०२५मध्ये २२१ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाला. विक्रम २२३चा आहे. मोसमाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार ब्रेकच्या (सुट्टीच्या) आधी २४ होमरन, नंतर सात. चढा असताना काढायचं म्हणजे काय ते आता समजलं असेल.

पोटोमॅकची पूर्वा

दोघंही 'विकला', 'बांधला' असं बोलताय, बैलबाजार चाललाय का?

सोटोने १५ वर्षांचे ४४ कोटी नाकारले तेव्हा त्याला हावरट म्हणणारे इथेच होते. अडीच वर्षांत न्यूयॉर्कच्या मेट्सने ७६.५ कोटी दिले. शहाणा कोण ठरला?

निष्ठेचं म्हणाल तर मी एका कंपनीत अकरा वर्षं काढली. बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात लॅपटॉप उघडला होता. एका मंगळवारी पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये संपवलं, आणि कॉलवर माझं नावसुद्धा धड उच्चारता आलं नाही त्यांना. एक्स्टेन्शन (करार वाढवणं) म्हटलं की मला फक्त व्हिसाचं आठवतं. त्यामुळे वुडने मिळेल तिथे, मिळेल तेवढं घ्यावं. टीमचं भलं टीम बघेल.

ठाण्याचे आजोबा

लेकीकडे सहा महिने आलो आहे. बेसबॉल कळत नाही, जावई बघतो म्हणून बघतो. पण हार्दिकला गुजरातकडून ट्रेडमध्ये आणलं आणि रोहितचं कप्तानपद काढलं, तेव्हा २०२४ला वानखेडेवर काय झालं ते आठवा. आपल्याच मैदानात आपल्याच कप्तानाची हुर्यो. मुंबई शेवटच्या नंबरावर. लोकांना दुखवून टीम चालत नाही, एवढंच.

हिशेबनीस

आजोबा, आदर आहे, पण रोहित कुठेही गेला नव्हता, आणि हा धागा बेसबॉलचा आहे. अवांतर नको.

बाल्टिमोरचा बंड्या

अवांतर नको म्हणता म्हणून मुद्द्याचं. तुम्ही लोक सोटोसाठी पाच वर्षं रडणार. आमच्या ओरिओल्सकडे बघा. २०१८ला आमचा स्टार माचाडो लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना दिला. बदल्यात पाच जण आले, त्यातला एक क्रेमर टिकला. बाकीच्या चौघांची नावं सांगणाऱ्याला माझ्याकडून वडापाव. म्हणजे विकून हे. आणि ठेवून? ख्रिस डेव्हिस, सात वर्षं, १६.१ कोटी. २०१८च्या अखेरीपासून २०१९च्या एप्रिलपर्यंत त्याची सलग ५४ वेळा हिट लागली नाही, पिचर सोडले तर विक्रम आहे. ते पैसे ओरिओल्स २०३७पर्यंत हप्त्याने फेडणार आहेत. मी तेव्हा रिटायर झालेलो असेन.

तात्पर्य, विका किंवा ठेवा, मालक नीट हवा. तुमचा नाही.

जुना एक्स्पो

बाल्टिमोरवाल्याने आम्हाला मालकावर शिकवावं? आमच्या मालकाकडे पैसे का नव्हते ते विचारा ना. मॅस्न, ते टीव्ही चॅनल!

२००५ला टीम मॉन्ट्रियलहून इथे आली तेव्हा ओरिओल्सच्या मालकाने, अँजेलोसने, आकांडतांडव केलं, आणि तोंड बंद ठेवायची किंमत म्हणून आमच्या सामन्यांचं चॅनल ओरिओल्सच्या हातात. सुरुवातीला नव्वद टक्के तुमचे, दहा आमचे. सामने आमचे, प्रेक्षक आमचे, आणि हक्काचे पैसे किती द्यायचे ते तुम्ही ठरवणार. २०१२पासूनच्या पैशांचा दावा मिटायला २०२५चा मार्च उजाडला. तेवढ्यात हार्पर गेला, रेंडन गेला, टर्नर गेला, सोटो गेला. मी तर पहिल्या दोन मोसमांत बरेचसे सामने रेडिओवर ऐकले आहेत, कारण आमच्या केबलवर ते चॅनल यायचंच नाही.

बाल्टिमोरचा बंड्या

झालं सुरू! बांधाचा वाद उकरून काढल्याशिवाय यांना जेवण पचत नाही. तुम्ही यायच्या आधी बेथेस्डापासून रिचमंडपर्यंत सगळे आमच्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर यायचे. चाळीस मैलांवर दुसरी टीम आणून बसवली, आमचं अर्धं गिऱ्हाईक कापलं, आणि भरपाई मागितली तर आम्ही चोर?

जुना एक्स्पो

भरपाई एकदा असते. वीस वर्षं पाटाचं पाणी अडवून बसणं याला आमच्या सांगली जिल्ह्यात वेगळा शब्द आहे.

बाल्टिमोरचा बंड्या

मग सांगलीत दावा लावायचा होता. आणि तुमचे मालक लर्नर कुटुंब काय झोपडीत राहतं का? वॉशिंग्टनमधले एवढे मोठे बिल्डर. २०२२ला टीम विकायला काढली, २०२४ला बोर्ड काढून घेतला, मधली दोन वर्षं ना धड विक्री ना धड खर्च. तेही मॅस्नमुळेच?

जुना एक्स्पो

थोडंफार हो! चॅनलचा निकाल लागल्याशिवाय घेणारा किंमत कशी लावेल? अक्कल गहाण ठेवून लिहायचं ठरवलंच असेल तर

पोटोमॅकची पूर्वा

दोघांनी भाषा सांभाळा. आणि एक्स्पोकाका, वाक्य पूर्ण करू नका.

जुना एक्स्पो

हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

ॲशबर्नची आई

तीन दिवस वाचतेय, मूळ प्रश्नावर सगळे मिळून किती ओळी आल्या ते मोजा.

साधी गोष्ट कुणीच बोलत नाही. वुडशी करार करा म्हणता, पण सही करायला तो बसलाय का? एजंट बोरास. सोटोचा होता तोच. त्याची पोरं बाजार बघितल्याशिवाय सही करत नाहीत. शिवाय १ डिसेंबर २०२६ला मालक-खेळाडूंचा करार संपतोय, लॉकआउटची (मालकांनी खेळ बंद ठेवण्याची) भीती आहे, नवे नियम काय येतील कुणास ठाऊक. अशा वेळी कोण स्वतःला दहा वर्षं बांधून घेईल? टाळी एका हाताने वाजत नाही, रॉकव्हिलकर.

रॉकव्हिलकर

ताई, स्ट्रासबर्गही बोरासचाच. २०१६मध्ये मोसम चालू असताना १७.५ कोटींची सही केली त्याने, बाजार न बघता. म्हणजे होतं, विचारावं लागतं. आणि नुसतं विचारून भागत नाही. हार्परला ३० कोटी देऊ केले ते कसे, तर बराचसा भाग तो म्हातारा झाल्यावर हप्त्याने. कोण थांबेल?

लॉकआउटचा मुद्दा मात्र डोक्यात आला नव्हता. मान्य.

हिशेबनीस

२०१६चा करार देता, त्याच माणसाचा २०१९चा विसरता. सोयीची स्मरणशक्ती. (दिवे घ्या, गंमत केली.)

बरं, एक पाऊल मागे येतो, कारण रविवारी मुलीला तिच्या सॉफ्टबॉलच्या बॅटवर कुणाचं नाव लिहायचं विचारलं तर ती पटकन 'वुड' म्हणाली आणि घरात माझी पंचाईत झाली. वुड २०३०पर्यंत आपल्याकडेच आहे, तेव्हा त्याला आज विकायची घाई नाही, एवढं कबूल. करार करायचाच तर आठ वर्षं. बारा नाही. पण गोर विकाच. त्याची आपल्याकडे दोन वर्षं उरलीत आणि तो पिचर आहे. स्ट्रासबर्ग पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात.

रॉकव्हिलकर

गोरचं कळतंय. आवडत नाही, पण कळतंय. बदल्यात दोन चांगले पिचर आले पाहिजेत, १९ वर्षांची पोरं नकोत. २०२५ला ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या निवडीत) सतरा वर्षांचा घेतलाच आहे, पाळणाघर काढायचं नाहीये.

एब्रम्सवर मात्र तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

हिशेबनीस

एब्रम्सला शॉर्टस्टॉपच्या जागेवरून हलवा, मग बोलू.

ॲशबर्नची आई

हलवून कुठे? सेकंड बेसला? तिथे

बाल्टिमोरचा बंड्या

आमच्याकडे द्या. बदल्यात मॅस्नचं जुनं बिल माफ.

जुना एक्स्पो

हेमाशेपो म्हणालो होतो, पण हे वाचून राहवत नाही. बिल कुणाचं आणि माफ कोण करतंय?