नुसतं डिझाइन शिकून भागणार नाही
काही जण म्हणतात, मुंबईच्या मुलांनी व्हीएलएसआय डिझाइनचा (चिपचा आराखडा करण्याचा) कोर्स केला की गुजरातेतल्या साणंदच्या चिप कारखान्यांत नोकरी पक्की. इथे गल्लत होतेय. साणंदला मुख्यतः चिपची जोडणी आणि चाचणी. तिथे मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशनचे डिप्लोमावाले लागतात.

वायर बाँडिंगच घ्या, म्हणजे बारीक तारेने चिप बाहेरच्या जोडण्यांशी जोडणं. साधारण 25 मायक्रॉनची तार उष्णता, दाब आणि अल्ट्रासॉनिक कंपनांनी चिपवरच्या पॅडवर (धातूच्या छोट्या ठिपक्यावर) बसवतात. पॅडवर मळ राहिला तर ती धरत नाही, म्हणून आधी प्लाझ्मा क्लीनिंग (विद्युतभारित वायूने सफाई). ते टाळून नुसती अल्ट्रासॉनिक शक्ती वाढवली तर पॅडखालचा थर तडकतो (तांब्याची तार सोन्याहून कडक, तिथे धोका जास्त). पुल टेस्टमध्ये (तार ओढून बघण्याच्या चाचणीत) हा तडा नजरेतून सुटू शकतो. पॅडचा धातू रसायनाने काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

हे काम शिकायचं कुठे? पवईच्या आयआयटीत नॅनोफॅब्रिकेशनची (अतिसूक्ष्म उपकरणं बनवण्याची) सोय आहे, पण भर संशोधनावर. पॉलिटेक्निकात एखादं जुनं बाँडर (तार बसवण्याचं यंत्र) मिळालं तरी पुष्कळ.