गुलमोहराच्या बुडाशी चकचकीत तपकिरी पंखा उगवलाय, हे काय आहे?

पार्किंगवाला
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कडेला जुना गुलमोहर आहे, तीसेक वर्षांचा तरी असेल. त्याच्या बुडाशी वीतभर उंचीवर हे आलंय. जुलैत नुसता पांढरा गोळा होता, मला वाटलं कोणीतरी पीओपी थापलंय. आता पंजाएवढं झालंय, वरून लालसर तपकिरी, पॉलिश मारल्यासारखं, कड मात्र पांढरी. आणि माझ्या स्कूटरच्या सीटवर रोज कोको पावडरसारखी भुकटी, पुसली की दुसऱ्या दिवशी परत. सेक्रेटरी काका म्हणाले अळंबी आहे, काढली की झालं, वर चुना लावू. वॉचमनने लाथेने उडवलं, तर पंधरा दिवसांत शेजारीच दुसरं हजर! झाडाला धोका आहे का?

बुरशीवेडी
गॅनोडर्मा वाटतोय, म्हणजे झाडाचं लाकूड कुजवणारी बुरशी. खात्री करायची तर खाली वाकून पोट बघा, छत्रीच्या आळंबीसारखे पडदे नसतील, सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील आणि रंग पांढरा. तिथे नखाने ओरखडा काढा, रेघ तपकिरी झाली तर तोच. तुमची कोको पावडर म्हणजे बीजाणू, पडतात खालून पण वाऱ्याने उडून वर टोपीवर, पानांवर, स्कूटरवर सगळीकडे बसतात.

नेटवर कोणीही सरसकट गॅनोडर्मा लुसिडम (त्यातलीच एक जात) म्हणतं, ते नका लिहू. लुसिडम हे नाव १७८१ साली विल्यम कर्टिसने इंग्लंडमधल्या नमुन्याला दिलेलं, आपल्याकडचा प्रत्येक चकचकीत पंखा तोच असेल असं नाही आणि फोटोवरून जात सांगणं म्हणजे अंदाजपंचे. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, शिरीष, करंज, यांच्या बुडाशी पावसाळ्यात हमखास बघायला मिळतो.

आणि लाथ मारून काही होत नाही हो, ते नुसतं फळ आहे. कैरी तोडली म्हणून आंबा मरतो का? खरी बुरशी आत लाकडात आणि मुळांत पसरलीये.

तळकोकण
आमच्याकडे फणसावर असंच येतं, फणसांबा म्हणतात. आजी सहाणेवर उगाळून बाळाच्या हिरड्यांना लावायची, लाळ फार गळत असली की. हा तोच का? तोच असेल तर पार्किंगवाल्यांनी फेकू नका, इकडे पाठवा :)

बुरशीवेडी
@तळकोकण नाही, तो फेलिनस, वेगळीच बुरशी. चमक अजिबात नसते, वरून काळपट आणि तडकलेला, घोड्याच्या खुरासारखा, फोडला तर आत गंजाच्या रंगाचा. वर्षानुवर्षं त्याच जागी थर चढवत वाढतो, म्हणून दगडासारखा टणक. आणि कोणी रेशी (औषधी म्हणून विकतात तो गॅनोडर्मा) म्हणून या गुलमोहरावरच्याचा काढा करायला जाऊ नका, पार्किंगमधलं डिझेल-धूळ सगळं त्यात आहे.

नारळवाला
आमच्या दोन माडांना गॅनोडर्माच लागलेला. बुंध्यातून आधी तांबूस चिकट रस गळायला लागला, पंखा फार उशिरा दिसला, तोवर खेळ संपलेला. तमिळनाडूत याच रोगाला तंजावरचा मर म्हणतात, १९५२ च्या वादळानंतर तिथे फार पसरलेला. आमची चूक एवढीच की मेलेल्या माडाचं खोड आणि मुळं तशीच ठेवली, तिथूनच शेजारच्याला लागलं.

फांदीछाट
मी झाडांचीच कामं करतो. वर पानं हिरवीगार आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी वर जातं ते बाहेरच्या नव्या लाकडातून, बुरशी आतलं आणि मुळांचं लाकूड खाते. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निनच ती फस्त करते, मागे राहतं ते पांढुरकं, ओल्या स्पंजसारखं. असा गुलमोहर फुललेला असतानाच पडतो, तोही वारा नसताना.

लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकत फिरा, घट्ट आवाज कुठे येतो आणि ढब ढब कुठे, खडूने खूण करा. पोकळीत सिमेंट भरू नका, चुन्याने कीड गेली असं फक्त वाटतं. मागच्या चार-पाच वर्षांत तिथे पेव्हर ब्लॉक किंवा पाइपलाइनसाठी खणलं होतं का? मूळ तुटलं की बुरशीला दार उघडंच. आणि झाड उतरवायचं ठरलं तरी परस्पर नको, १९७५ च्या राज्याच्या झाडं जतन कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आधी त्यांच्याकडून तपासून घ्या, कदाचित भार हलका करूनही भागेल.

पार्किंगवाला
सगळ्यांचे आभार. ओरखडा काढला, दोन मिनिटांत तपकिरी! ठोकूनही पाहिलं, गेटच्या बाजूला घट्ट, पार्किंगच्या बाजूला जवळपास हातभर रुंदीत ढब ढब, आणि बरोबर त्याच बाजूने तीन वर्षांपूर्वी ड्रेनेजचा चर खणलेला. अर्ज दिलाय, त्या बाजूच्या गाड्या कालपासून हलवल्या. काका अजून चुन्यावर अडून आहेत, पण त्यांची स्वतःची गाडी आज सकाळी गेटपाशी लावलेली दिसली. लाथेने पडलेल्या तुकड्यावर मुलीने काडीने मांजर काढलंय, आठवडा झाला, रेघ तशीच आहे.